ग्रंथींत प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर नाहीत, तरी त्या स्रवतात कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पशुप्रजननशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने गाभण मेंढीच्या गर्भाशयाचे, मेंढ्याशी संयोग झाल्यापासून १६व्या दिवसाचे छेद घेतले आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या रिसेप्टरसाठी, म्हणजे ते ओळखणाऱ्या पेशीतल्या प्रथिनासाठी, रंगवले. ग्रंथींच्या पेशींत रंग उमटलाच नाही. रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर आहे, ग्रंथी स्रावाने भरल्या आहेत आणि रिसेप्टर मात्र दिसत नाहीत. मग रंगवण्यात काही चुकलं, की ‘प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचा स्राव वाढवतं’ हे विधानच अपुरं आहे? त्याला जोडून दुसरा प्रश्न आहे: मेंढी लागल्यावर वरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर स्राव वाढून जास्त भ्रूण टिकतील का?

तुमचं रंगकाम बहुधा बरोबर आहे, अपुरं आहे ते विधान. प्रोजेस्टेरॉन संपूर्ण गाभणकाळात लागतंच, पण ग्रंथीच्या पेशीला ते थेट ‘स्राव कर’ असं सांगत नाही. आधी ते त्या पेशीतले स्वतःचे रिसेप्टर नाहीसे करतं. ते गेले की ग्रंथी मोकळी होते, आणि मग भ्रूणाकडून व पुढे वारेकडून येणारी संप्रेरकं तिला कामाला लावतात. या घटनांचा क्रम बदलला तर तीच संप्रेरकं, त्याच मात्रेत, निरुपयोगी ठरतात. मेंढीतल्या गर्भाशयस्रावांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हा क्रम आहे. मात्रेचा विचार त्याच्या नंतर येतो.

मेंढीत या स्रावाला एवढं महत्त्व का, हे रचनेवरून कळतं. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला दोन प्रकारचे भाग असतात. एक म्हणजे बटणासारखे उंचवटे, म्हणजे कॅरंकल. त्यांत ग्रंथी नसतात. पुढे वार तिथेच चिकटते. दुसरा भाग या उंचवट्यांच्या मधला. तिथे फाटे फुटलेल्या, वेटोळ्या ग्रंथींची दाटी असते आणि स्राव तिथूनच येतो. भ्रूण चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरतो, आठव्या-नवव्या दिवशी कवचातून बाहेर पडतो, पण १६व्या दिवसाच्या आसपासपर्यंत अस्तराला पक्का चिकटत नाही. म्हणजे दहा-बारा दिवस तो गर्भाशयाच्या पोकळीत मोकळाच असतो आणि या काळात त्याला जे मिळतं ते सगळं स्रावातूनच मिळतं. वार तयार झाल्यावरही स्राव थांबत नाही. कॅरंकलमधून रक्तावाटे वायू आणि पोषकद्रव्यं जातात, तर मधल्या भागातून ग्रंथींचा स्राव वारेत शोषला जात राहतो.

या मोकळ्या काळात भ्रूणाचं काय होतं ते एकदा स्वतः पाहा. दहाव्या दिवशी गर्भाशय धुऊन घेतलं तर डिशमध्ये मिलिमीटरभराहूनही लहान, गोल, पारदर्शक फुगा सापडतो. सूक्ष्मदर्शक नसेल तर तो हमखास नजरेतून सुटतो. बाराव्या दिवशी तो लांबट नळीसारखा, एक-दोन सेंटिमीटरचा झालेला असतो. चौदाव्या दिवशी धुतलेल्या द्रवातून दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, पांढुरका, विरविरीत तंतू बाहेर येतो. तो इतका नाजूक असतो की चिमट्याने उचलायला गेलं तर तुटतो, म्हणून द्रवासकटच ओतून घ्यावा लागतो. १७व्या दिवसापर्यंत त्याची लांबी २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये भ्रूण कवचातून बाहेर पडू शकतो, पण अशी वाढ तिथे होत नाही. तोच भ्रूण पुन्हा गर्भाशयात ठेवला तर होते. ही लांबी स्रावाच्या जोरावर मिळते, आणि ही लांबीच पुढे मातेला ‘मी आहे’ असं कळवते.

आता रिसेप्टरकडे येऊ. माजानंतर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन बनवणारा पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन वाढू लागतं. सुरुवातीला अस्तराच्या वरच्या पेशींत, ग्रंथींत, त्याखालच्या संयोजी ऊतीत आणि स्नायूच्या थरात असे सगळीकडे रिसेप्टर असतात. प्रोजेस्टेरॉनचा सलग आठ-दहा दिवस संपर्क झाला की पृष्ठभागावरच्या पेशींतून ते नाहीसे होतात, साधारण अकराव्या दिवसाच्या सुमारास. मग ग्रंथींचा नंबर लागतो, साधारण तेराव्या दिवशी. संयोजी ऊतीत आणि स्नायूत मात्र ते पूर्ण गाभणकाळ टिकून राहतात.

म्हणून तुमच्या छेदात आधी ग्रंथींभोवतीची संयोजी ऊती आणि स्नायूचा थर पाहा. तिथल्या केंद्रकांत स्वच्छ रंग असेल आणि ग्रंथींत नसेल, तर तुमचा अँटीबॉडी आणि प्रक्रिया दोन्ही ठीक आहेत; ती ऊती हाच त्याच छेदातला नियंत्रण नमुना. दोन्हीकडे रंग नसेल तरच प्रक्रियेवर संशय घ्या. खोल, स्नायूलगतच्या ग्रंथींत कुठे फिकट रंग उरलेला दिसला तरी घाबरू नका, कारण रिसेप्टर जाण्याची सुरुवात वरून होते. छेद कॅरंकलमधून गेला नाही ना, हेही तपासा. तिथे ग्रंथी नसतातच, तेव्हा त्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही.

मग रिसेप्टर नसलेल्या ग्रंथीला प्रोजेस्टेरॉनचा फायदा कसा होतो? मधल्या दुव्यामार्फत. संयोजी ऊतीतल्या पेशी प्रोजेस्टेरॉन ओळखतात आणि वाढीचे घटक बाहेर टाकतात. मेंढीत त्यांतले दोन चांगले अभ्यासलेले आहेत: एफजीएफ-१० आणि एचजीएफ. त्यांचे रिसेप्टर अस्तराच्या आणि ग्रंथींच्या पेशींवर असतात. म्हणजे संप्रेरक एका ऊतीने ओळखायचं आणि काम दुसरीने करायचं, अशी वाटणी आहे. विद्यार्थ्यांना मी नेहमी हेच समजावतो की ‘या पेशीत रिसेप्टर नाही’ याचा अर्थ ‘या पेशीवर संप्रेरकाचा परिणाम नाही’ असा होत नाही.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. अस्तराच्या पेशींत रिसेप्टर असताना प्रोजेस्टेरॉन स्रावाच्या आणि चिकटण्याच्या कितीतरी जनुकांवर दाब ठेवतं. रिसेप्टर गेले की तो दाब उठतो. पृष्ठभागावरचं म्यूक-१ हे जाड, शर्करायुक्त प्रथिन कमी होतं. एरवी ते भ्रूणाला अस्तराच्या जवळ येऊ देत नाही. ते हटल्यावर खाली असलेली इंटेग्रिन, म्हणजे चिकटण्यासाठीची प्रथिनं, उघडी पडतात. त्याच सुमारास पृष्ठभागाच्या पेशींत गॅलेक्टिन-१५, कॅथेप्सिन-एल अशी प्रथिनं बनू लागतात, तर ग्रंथींतून ऑस्टिओपॉन्टिन पाझरू लागतं. ऑस्टिओपॉन्टिन एका बाजूने भ्रूणाच्या आणि दुसऱ्या बाजूने अस्तराच्या इंटेग्रिनला धरतं. दोघांना जोडणारा दुवा म्हणून ते काम करतं.

मात्र रिसेप्टर जाण्यात मोठा धोकाही आहे. प्रोजेस्टेरॉनचा दाब उठला की अस्तरात इस्ट्रोजेनचे आणि त्यापाठोपाठ ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढू लागतात. गाभण नसलेल्या मेंढीत ऑक्सिटोसिन या रिसेप्टरवर बसतं, अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा या रसायनाच्या लाटा सुटतात, पीतपिंड विरघळतो आणि मेंढी सोळा-सतरा दिवसांनी पुन्हा माजावर येते. म्हणजे जे घड्याळ भ्रूणासाठी स्राव मोकळा करतं, तेच पीतपिंडाचा शेवटही जवळ आणतं. भ्रूणाने त्या आधी निरोप धाडला नाही तर सगळं संपतं. केंब्रिजमध्ये मूर आणि रोसन यांनी भ्रूण काढून आणि घालून केलेल्या प्रयोगांतून १९६६ मध्ये ही वेळ ठरवली: बाराव्या दिवसापर्यंत जिवंत भ्रूण गर्भाशयात हवा. त्यानंतर ठेवलेला भ्रूण पीतपिंड वाचवू शकत नाही.

हा निरोप म्हणजे इंटरफेरॉन टाऊ. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या एककेंद्रकी पेशी दहाव्या दिवसापासून ते बनवतात, चौदा ते सोळा या दिवसांत सर्वांत जास्त, आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ते ओसरतं. सुरुवातीला त्याला नुसतं भ्रूणाच्या बाह्यपेशींचं प्रथिन म्हणून ओळखत होते. १९८७ मध्ये जनुकाचा क्रम वाचल्यावर ते इंटरफेरॉनच्या कुळातलं निघालं. विषाणूंविरुद्ध लढणाऱ्या रेणूंच्या कुळातला एक रेणू रवंथ करणाऱ्या प्राण्यांत गाभण राहण्याची खूण व्हावा, हे मला आजही विलक्षण वाटतं. ते पृष्ठभागाच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि ऑक्सिटोसिन रिसेप्टरची जनुकं दाबतं. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा उठत नाहीत. लाटा हा शब्द मुद्दाम वापरतो. गाभण मेंढीच्या गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन कमी नसतात. त्यांची पायाभूत पातळी उलट वाढलेली असते, आणि भ्रूणाच्या लांब होण्याला त्यांची गरजही असते. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिनविरोधी औषध सोडल्यावर भ्रूणाची लांबी खुंटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून ‘इंटरफेरॉन प्रोस्टाग्लँडिन बंद करतं’ असं उत्तरपत्रिकेत लिहू नका.

स्रावाच्या दृष्टीने इंटरफेरॉनचं दुसरं कामही तितकंच मोलाचं आहे. प्रोजेस्टेरॉनने सुरू केलेली जनुकं ते आणखी चेतवतं. गॅलेक्टिन-१५ आणि पृष्ठभागाच्या पेशींतून ग्लुकोज व अमिनो आम्लं पोकळीत पोहोचवणारी काही वाहक प्रथिनं ही त्याची उदाहरणं. प्रोजेस्टेरॉनची पूर्वतयारी झालेली नसेल तर इंटरफेरॉन हे करू शकत नाही. दहाव्या ते पंधराव्या दिवसांत गाभण मेंढीच्या गर्भाशयद्रवात ग्लुकोज, आर्जिनिन, ल्युसिन, ग्लुटामिन कितीतरी पटींनी वाढतात. त्याच दिवसांच्या गाभण नसलेल्या मेंढीत तसं होत नाही. आर्जिनिन हे नुसतं अन्न नाही. ते भ्रूणाच्या पेशींतला वाढीचा मुख्य संकेतमार्गही चालू करतं.

इथून पुढे सूत्रं वारेकडे जातात. पंधराव्या-सोळाव्या दिवसापासून भ्रूणाच्या बाह्यथरात द्विकेंद्रकी पेशी दिसू लागतात आणि त्या प्लासेंटल लॅक्टोजेन हे वारेचं संप्रेरक बनवतात. गर्भाशयात त्याला ओळखणारे प्रोलॅक्टिनचे रिसेप्टर फक्त ग्रंथींच्या पेशींवर असतात, इतर कुठे नाहीत. त्यामुळे हा संदेश थेट ग्रंथीलाच जातो. ३५ ते ७० या दिवसांदरम्यान वारेचं स्वतःचं ग्रोथ हार्मोनही त्यात भर घालतं. पन्नासाव्या दिवसापर्यंत ग्रंथींची संख्या आणि फाटे वाढत जातात. त्यानंतर नव्या ग्रंथी फारशा होत नाहीत, आहेत त्याच फुगून मोठ्या होतात आणि स्रावाचं उत्पादन वाढतं. मातेच्या रक्तातलं प्लासेंटल लॅक्टोजेन १२० ते १३० दिवसांच्या सुमारास कळसाला पोहोचतं, म्हणजे साधारण १४७ दिवसांच्या गाभणकाळात कोकराची वाढ सर्वांत झपाट्याने होत असते तेव्हा. ५० ते ६० दिवसांच्या सुमारास प्रोजेस्टेरॉनचा भारही अंडाशयाकडून वारेकडे गेलेला असतो. त्यानंतर अंडाशयं काढली तरी मेंढी गाभडत नाही.

क्रमाचं महत्त्व सिद्ध करणारा प्रयोग टेक्सास ए अँड एम विद्यापीठात थॉमस स्पेन्सर, फुलर बेझर आणि सहकाऱ्यांनी केला. गाभण नसलेल्या मेंढ्यांची अंडाशयं काढून त्यांना बाहेरून संप्रेरकं दिली आणि गाभणकाळाच्या सुरुवातीची नक्कल केली. प्रोजेस्टेरॉन, मग गर्भाशयात इंटरफेरॉन टाऊ, मग प्लासेंटल लॅक्टोजेन किंवा ग्रोथ हार्मोन असा क्रम ठेवला तेव्हा ग्रंथी वाढल्या आणि गर्भाशयदुग्धाच्या, म्हणजे ग्रंथींच्या या स्रावाच्या, प्रथिनांचं व ऑस्टिओपॉन्टिनचं उत्पादन वाढलं. मधलं इंटरफेरॉन गाळलं तर शेवटच्या दोघांचा तसा परिणाम झाला नाही. सोबत प्रोजेस्टेरॉनविरोधी औषध दिलं तरीही नाही. दर टप्पा पुढच्या टप्प्याला ग्रंथी तयार करून देतो. आणि ग्रंथी वाढली की भ्रूण व वार वाढतात, वार वाढली की लॅक्टोजेन वाढतं, त्यातून ग्रंथी आणखी वाढते. हे चक्र एकदा जमलं की स्वतःच्या बळावर चालतं.

गर्भाशयदुग्ध हा शब्द आला आहे, तर तो द्रव मिळवायची जुनी पद्धत सांगतो. गर्भाशयाच्या दोन शिंगांपैकी, म्हणजे फाट्यांपैकी, एकाला आधीच बांध घालायचा, म्हणजे गर्भ दुसऱ्याच शिंगात वाढतो. बांधलेल्या शिंगात भ्रूण नाही, वार नाही. तिथल्या ग्रंथी मात्र रक्तातल्या संप्रेरकांच्या हुकुमाने स्रवत राहतात आणि शोषून घ्यायला कोणीच नसल्यामुळे स्राव साचतो. यातूनच गर्भाशयदुग्धाची मुख्य प्रथिनं शुद्ध करता आली. ती सर्पिन कुळातली आहेत, आणि लिम्फोसाइटची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची, वाढ रोखतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. मातेच्या प्रतिकारशक्तीपासून गर्भाला वाचवण्यात त्यांचा हात असावा, हे त्यावरून काढलेलं अनुमान. मला ते पटण्याजोगं वाटतं, पण अनुमान म्हणूनच शिकवावं.

ग्रंथी नसतील तर काय होतं, याचाही थेट पुरावा आहे. मेंढीच्या मादी कोकरात गर्भाशयाच्या ग्रंथी जन्माच्या वेळी जवळपास नसतात. जन्मानंतरच्या सुमारे आठ आठवड्यांत त्या तयार होतात. त्या काळात कोकरांना सतत प्रोजेस्टेरॉनसदृश नॉरजेस्टोमेट दिलं तर ग्रंथी कायमच्या बनत नाहीत. अशा मेंढ्या मोठ्या झाल्या, मेंढ्याने त्यांना लावलं, बीजही फळलं. सहाव्या किंवा नवव्या दिवशी त्यांच्या गर्भाशयात धडधाकट भ्रूण मिळतात. चौदाव्या दिवशी मात्र एक तर काहीच मिळत नाही, नाहीतर खुरटलेला, झिजलेला तुकडा मिळतो. चांगल्या मेंढीचे भ्रूण त्यांच्यात सोडले तरी तीच गत. म्हणजे दोष भ्रूणाचा नाही, स्राव नसल्याचा आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. लागल्यानंतर दीड दिवसापासून रोज २५ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिलेल्या मेंढ्यांत नवव्या दिवशी भ्रूण मोठा आणि बाराव्या दिवशी आधीच तंतुरूप झालेला मिळाला. न दिलेल्या मेंढ्यांत तो अजून गोल किंवा नळीसारखाच होता. रिसेप्टर लवकर गेले, स्राव लवकर सुरू झाला, भ्रूण लवकर वाढला. हे वाचून अनेकांना वाटतं की सगळ्या कळपाला इंजेक्शन टोचावं. माझं मत याच्या विरोधात आहे. प्रोजेस्टेरॉन लवकर दिल्याने पूर्ण घड्याळच पुढे सरकतं, त्यात पीतपिंड विरघळवणारा भागही आला. भ्रूण त्या गतीने वाढला तर ठीक. मागे पडला तर त्याच्या निरोपाआधीच ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर तयार होतील आणि मेंढी उलटेल, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येईल. शिवाय भ्रूण लवकर लांब होणं आणि जास्त कोकरं जन्मणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मेंढीचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन उशिरा किंवा कमी वाढतं, तिच्यात उपयोग होण्याची शक्यता आहे. ज्यांचं नीट वाढतं त्यांच्यात मला त्याचं कारण दिसत नाही.

रक्ताच्या तपासणीबाबतही एक सावधानता. सोळाव्या-सतराव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन चांगलं आलं तर पीतपिंड जिवंत आहे एवढंच कळतं. ग्रंथी वेळेवर मोकळ्या झाल्या का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी चौथ्या ते सातव्या दिवसांतली वाढ जास्त बोलकी असते, आणि तीही एका नमुन्याने नाही, ओळीने घेतलेल्या नमुन्यांनीच दिसते.

इंजेक्शनापेक्षा खुराकाकडे लक्ष देणं जास्त फायद्याचं आहे. लागल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मेंढीला गरजेपेक्षा खूप जास्त खायला घातलं तर यकृताकडे रक्तप्रवाह वाढतो, प्रोजेस्टेरॉन जलद निचरतं आणि रक्तातली पातळी खाली येते. अशा मेंढ्यांत गाभण राहण्याचं प्रमाण घटल्याचं आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिल्यावर ते सावरल्याचं ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसलं आहे. माजाआधी खुराक वाढवण्याची पद्धत योग्यच आहे. पण मेंढा सोडल्यानंतर तो तसाच चढता ठेवू नका, हळूहळू नेहमीच्या पातळीवर आणा. मेंढीत वीस-तीस टक्के भ्रूण नष्ट होतात, त्यातले बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणजे नेमके स्रावावर जगण्याच्या काळात.

हंगामाबाहेर मेंढ्या माजावर आणताना वापरला जाणारा, प्रोजेस्टेरॉनसदृश औषधाचा योनीतला स्पंजही याच साखळीत बसतो. बराच काळ माज नसलेल्या मेंढीत प्रोजेस्टेरॉनचा पूर्वसंपर्क न देता बीज सोडायला लावलं तर पीतपिंड बहुधा अल्पायुषी निघतो, कारण गर्भाशय फार लवकर प्रोस्टाग्लँडिन सोडतं. स्पंजाचे बारा-चौदा दिवस हे केवळ माज एकत्र आणण्यासाठी नसतात, गर्भाशयाचं घड्याळ शून्यावर आणण्यासाठीही असतात. म्हणून स्पंज लवकर पडलेली मेंढी बाकीच्यांबरोबर माजावर आली तरी तिची नोंद वेगळी ठेवा.

आणि स्पंज, इम्प्लांट किंवा प्रोजेस्टेरॉनसदृश कोणतंही औषध लहान मादी कोकरांपासून लांब ठेवा, विशेषतः जन्मानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत. त्या वयात ग्रंथी तयार होण्याची खिडकी उघडी असते. ती एकदा बंद झाली की नंतर कोणत्याही संप्रेरकाने त्या ग्रंथी उभ्या करता येत नाहीत, आणि नुकसान कळतं ते मात्र वर्ष-दीड वर्षाने, मेंढी पुन्हा पुन्हा उलटू लागल्यावर.